श्री. उचलू नको आणि परिवार

पहिल्या आंघोळीच्या दिवशी सकाळी साडेनऊला चंद्रावती घरतने कंपनीतल्या एकेचाळीस माणसांना दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या आणि साडेनऊ वाजून चार मिनिटांनी तिला वाटलं, नोकरी सोडून परत मिठागरावर गेलेलं बरं.

रोह्याच्या एमआयडीसीत औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या एका कंपनीत ती अकरा वर्षं पॅकिंगला होती. दिवाळीनंतर लाइन लीडरची जागा भरायची होती. एका बाजूला गडब गावची चंद्रावती, दुसऱ्या बाजूला पेणची मृणाली. मृणालीकडे कॉम्प्युटरच्या कोर्सचं सर्टिफिकेट होतं. "लीडरला मोबाइल नीट हाताळता आला पाहिजे, आता सगळे रिपोर्ट मोबाइलवर," असं प्रविणसाहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं, तेव्हा ते चंद्रावतीकडे मुद्दाम बघत नव्हते, आणि मुद्दाम बघत नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं. कारण मागच्या दिवाळीला तिने सगळ्यांना जी शुभेच्छा पुढे पाठवली, तिच्यावर कुणा अनोळखी माणसाचा हात जोडलेला फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'आमच्याकडे बोअरवेल मारून मिळेल.'

म्हणून यंदा तिने लेकीला, करिश्माला, आठ दिवस आधीच धरलं. करिश्माने कुठलंसं ॲप टाकून दिलं. पणत्या, आकाशकंदील, खाली 'शुभेच्छुक : चंद्रावती काळुराम घरत', आणि वर ज्याचं त्याचं नाव आपोआप. "तू फक्त माणसं निवड आणि हिरवं बटण दाब. नावं तो तुझ्या फोनमधूनच घेतो," एवढं सांगून करिश्मा मैत्रिणीकडे पळाली.

फोनमधूनच घेतो. गोची तिथेच झाली.

पेण तालुक्यात डोळे मिटून दगड मारला तर तो म्हात्र्याला लागतो. नेम चुकला तर पाटलाला. चंद्रावतीच्या लाइनवर दोन दिनेश म्हात्रे होते, तीन नितेश होते आणि पाटील तर मोजायचेच सोडून दिले होते. नुसतं नाव लिहून फोनमध्ये काय कळणार? म्हणून गावात जशी माणसं ओळखतात तशीच तिने ती फोनमध्ये भरली होती. खुणेने.

पहिलं कार्ड उघडून बघितलं तर पणत्यांच्या मधोमध सोनेरी अक्षरांत झळकत होतं, 'श्री. दिनेश म्हात्रे घोरतो आणि परिवारास दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!' दुसरं होतं श्री. दिनेश म्हात्रे दोन डबे यांना. तिसरं श्री. नितेश मोजे यांना, कारण नितेशने कंपनीच्या बसमध्ये बूट काढले की खिडक्या उघडायला लागत.

"मेले गो बाय!" चंद्रावती ओरडली.

ओटीवर कंदिलाला दोरा बांधत बसलेला काळुराम म्हणाला, "चकली फुटली काय?"

"नशीब फुटला माझा! हे बघा."

काळुरामने चष्मा लावून तीन कार्डं वाचली. मग तो हसायला लागला आणि हसता हसता त्याच्या हातातला कंदील चेपला.

"हसताव काय? पुसायचा कसा ह्ये सांगा!"

पुसायचं कसं हे काळुरामलाही ठाऊक नव्हतं, पण नवरा म्हणून त्याने सल्ला दिला. फोनने विचारलं, सगळ्यांकडून पुसू की फक्त तुझ्याकडून? काळुराम म्हणाला, "दुसऱ्याच्या फोनात आपण कशाला हात घालावा? आपल्याकडचा पूस." तिने एकेचाळीसच्या एकेचाळीस कार्डं स्वतःच्या फोनमधून पुसली. आता ती कार्डं जगात सगळ्यांकडे होती, फक्त पाठवणारीकडे नव्हती.

पहिला फोन मृणालीचा आला. "वहिनी, मी 'मृणाली रडते' काय?" आणि ती रडायला लागली.

"अगो, तसा नाय गो. दुसरी मृणाली हाय ना स्टोअरमधे, ती हसते. म्हणून तू..."

"म्हणजे ती हसते आणि मी रडते!"

तिला समजावून फोन ठेवते तोच हरेश ठाकूर. चंद्रावतीने धीर धरला. हरेश लाइनवर एकटाच ठाकूर, त्याला खुणेची गरजच नव्हती. त्याच्या कार्डावर सरळ हरेश ठाकूर होतं.

"वहिनी," तो पडलेल्या आवाजात म्हणाला, "सगळ्यांना काय ना काय दिलात. मीच काय एवढा बिनकामाचा? सहा वर्षं तुमच्या बाजूला उभा ऱ्हातो. कायच दिसला नाय माझ्यात?"

ज्यांची खोड लिहिली ते रडतात, ज्याची नाही लिहिली तो रुसतो. कंपनीच्या ग्रुपवर दोनशे बारा मेसेज आले होते. ते उघडायची तिची छाती होईना. तिने फोन पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला आणि कढईकडे वळली. तेवढ्यात तिला आठवलं.

साहेब!

शनिवारी संध्याकाळ झाली की प्रविणसाहेब एकेकाला फोन लावायचे, "उद्या ओव्हरटाइमला या." एकदा उचलला की रविवार गेला. म्हणून तीन वर्षांपूर्वी चंद्रावतीने साहेबांचा नंबर ज्या नावाने भरून ठेवला होता, ते नाव आता पणत्यांच्या मधोमध सोनेरी अक्षरांत साहेबांकडे पोचलं होतं. श्री. उचलू नको आणि परिवारास.

फोन थरथरला. तिने हळूच सरळ केला. पडद्यावर लिहिलं होतं, 'उचलू नको.'

तिने नाही उचलला. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. चकल्या करपल्या. तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा काळुराम म्हणाला, "उचल की गो. खाणार हाय काय?"

"काय तोंडानं उचलू? लीडर ऱ्हायला बाजूला, आता हाय ती नोकरी ऱ्हायली तर बघा."

लक्ष्मीपूजन तिने कसंबसं केलं. देवीपुढे हात जोडले तरी मनात पणत्या आणि सोनेरी अक्षरं. पाडव्याला मात्र तिने ठरवलं, फोनवरचा घोळ फोनवर निस्तरायचा नाही. पेणचे पोह्याचे पापड घरात होतेच, न करपलेल्या चकल्या डब्यात भरल्या, नवी साडी नेसली आणि फाट्यावरून रोह्याची एसटी धरली. वाटेत माफीची तीन वाक्यं जुळवली. नागोठण्याला पहिलं विसरली. रोहा येईपर्यंत तिन्ही विसरली.

दार साहेबांनीच उघडलं. कंपनीत इस्त्रीचा शर्ट घालणारे साहेब गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत आणि बनियनवर होते. दोघंही सारखेच दचकले.

"घरतबाई! मी तीनदा फोन केला तुम्हाला."

"दिसला, साहेब."

"मग?"

चंद्रावतीने चकल्यांचा डबा पुढे केला. आतून साहेबांच्या बायको पूजाताई हात पुसत आल्या. "ह्याच का त्या? या, या, बसा! तीन दिवस मी ह्यांना त्याच नावानं हाक मारतेय." आणि त्यांना हसू आवरेना.

साहेब मात्र हसत नव्हते. खुर्चीत बसून त्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही शनिवारी मुद्दाम उचलत नव्हता?"

खोटं बोलायची वेळ निघून गेली होती. "व्हय, साहेब."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे पण."

साहेबांनी तिने आणलेलं पापडाचं पुडकं उचलून परत ठेवलं. "मला तीन वर्षं वाटत होतं," ते सावकाश म्हणाले, "गडबला रेंज नाही."

चंद्रावतीला एकदम त्यांची दया आली. दर शनिवारी संध्याकाळी हा माणूस खिडकीशी उभा राहून चौदा-चौदा फोन लावतो, आणि रेंजला दोष देतो.

"साहेब, चुकला माझा. जागा मृणालीला द्या. तिला मोबाइल येतो."

"तुम्ही ग्रुप बघितला नाही का?" साहेबांनी आपला फोन तिच्यापुढे धरला. "तीन वर्षं ह्या ग्रुपवर मी नोटीस टाकतो आणि चाळीस अंगठे येतात. परवा सकाळपासून बघा काय चाललंय."

चंद्रावती वाचायला लागली. नितेशने आपलं कार्ड स्वतः ग्रुपवर टाकलं होतं आणि खाली धुतलेल्या मोज्यांचा दोरीवरचा फोटो. घोरणाऱ्या दिनेशच्या बायकोने चंद्रावतीमामीचे आभार मानले होते, कोणीतरी एकदाचं सांगितलं म्हणून. दोन डबेवाल्या दिनेशने सांगितलं होतं, दुसरा डबा वडलांचा, ते पलीकडच्या कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मृणालीने दोनदा रडून झाल्यावर लिहिलं होतं, 'खरं हाय, मी रडते,' आणि तिला अकरा जणांनी धीर दिला होता.

"रिपोर्ट भरायला मी तुम्हाला शिकवीन, दोन दिवसांचं काम आहे," साहेब म्हणाले. "मृणालीनेच मला फोन करून सांगितलं, लीडर वहिनींना करा, त्यांना माणूस न् माणूस ठाऊक आहे. तेच सांगायला मी तीनदा फोन करत होतो. फक्त एक अट. शनिवारचे फोन आता तुम्ही करायचे."

चंद्रावती गडबला परतली ती उभ्याने, आणि तिला बस कधी पोचली ते कळलंसुद्धा नाही.

पहिल्या शनिवारी तिने चौदा फोन लावले. चौदाही पहिल्या रिंगला उचलले गेले.

"नितेश, उद्या येशील?"

"नाय, मावशी."

"मग उचललास कशाला?"

"तुमचा फोन कसा नाय उचलणार?"

आणि मग त्याने का येणार नाही ते पहिल्यापासून सांगितलं. प्रत्येकानेच सांगितलं. कुणाचं भात झोडायचं राहिलं होतं, कुणाच्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते, मृणालीच्या आईचा मोतीबिंदू काढायचा होता. अडीच तास गेले. काळुराम भाताची पातेली दोनदा गरम करून झोपून गेला.

सोमवारी सकाळी साहेब शर्टाला इस्त्री करून लाइनवर आले. "काय लीडर, काल किती आले?"

"तीन, साहेब. दोन दिनेश आणि हरेश."

"माझ्या वेळी दोन यायचे."

"एक वाढला ना मग," चंद्रावती म्हणाली. "आणि अकरा जण का नाय आले, ते आता ठाऊक तरी हाय."

साहेबांनी घड्याळात बघितलं. मशीन सुरू व्हायला अजून दहा मिनिटं होती. त्यांनी बाजूचं रिकामं खोकं पालथं घातलं आणि त्याच्यावर बसले.

"सांगा," ते म्हणाले. "त्या मोतीबिंदूपासून सांगा."