बारा पायऱ्या, बारा पट्ट्या

टेलरबाई सहाव्या पायरीवरून घसरल्या आणि तळमजल्यावरच्या रंगाच्या दुकानापुढे येऊन थांबल्या. हातातला कापडाचा तागा त्यांच्या आधीच तिथे पोचला होता. दुसरी कुणी असती तर "आई गं" म्हणाली असती. बाई ओरडल्या, "कुठंय तो मॅनेजर? आधी बोलवा त्याला!"

मॅनेजर धावतच आला. धावणं भाग होतं, कारण बिल्डिंगचा मॅनेजर हा बाईंचा नवरा होता.

"अगं, पडलीस?"

"नाही, बसायला आलेय! अहो, दोन वर्षं घसा फोडून सांगतेय, पायऱ्यांच्या कडा गुळगुळीत झाल्यात, पट्ट्या ठोका. दोन वर्षं!"

"विषय आहे ना मीटिंगमध्ये. पुढच्या वेळी नक्की…"

"माझा पाय तुटला की घ्या मीटिंग!"

पाय तुटला नव्हता, पण घोटा असा मुरगळला होता की चप्पलही जाईना. डॉक्टरांनी बजावलं, दहा दिवस पाय जमिनीला टेकवायचा नाही. त्यानंतर काठी घेऊन चढा, पण जिना धड असेल तरच. बाईंचं शिवणाचं दुकान दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे मोजून अठ्ठेचाळीस पायऱ्या वर. लिफ्टसाठी बिल्डिंगमध्ये जागा सोडलेली होती, नाही असं नाही. त्या जागेत रंगाचे डबे होते आणि ते डबे चेअरमनचे होते.

त्यात हॉस्पिटलच्या नर्सेसच्या साठ गणवेशांची ऑर्डर तोंडावर आलेली. महिनाअखेरीला द्यायची, हातात उरलेले दिवस वीस. दुकानातल्या दोघीजणी शिवणाला तरबेज होत्या, पण कापड बेतायचं ते बाईंनीच. बेतायला आठ फुटी टेबल लागतं. ते वर होतं, आणि घरी त्याच्या जागी पलंग होता.

"दहा दिवस," पाय उशीवर ठेवून बाईंनी नवऱ्याला सांगितलं. "दहा दिवसांत पट्ट्या बसल्या तर मी वर जाईन. नाहीतर ऑर्डर गेली. आणि ऑर्डर गेली तर तुमची खैर नाही."

"बसवतो की," मॅनेजर म्हणाला. "फक्त एकदा सगळ्यांना विचारून घेतो."

इथेच सगळं बिघडलं. या माणसाला सगळ्यांना विचारायचा रोग होता. जिन्यातला बल्ब गेला तेव्हा नवा पिवळा आणावा की पांढरा, हे ठरेपर्यंत लोक तीन आठवडे मोबाइलच्या उजेडात चढत होते. पट्ट्यांच्या खर्चाला दोन वर्षांपूर्वीच मंजुरी मिळाली होती. अडलं होतं फक्त कुठली, यावर. माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर परवडलं असतं, निदान एखाद्याला तरी 'नाही' म्हणाला असता.

मीटिंग चेअरमनच्या रंगाच्या दुकानात भरली. पट्टीवाला नमुन्यांची पेटी घेऊन आला होता.

"पितळ!" चेअरमननी सुरुवातीलाच जाहीर केलं. "गिऱ्हाइकाचे डोळे दिपले पाहिजेत." चेअरमन गेल्या अकरा वर्षांत एकदाही जिना चढलेले नव्हते. गिऱ्हाइकाचे डोळे जिना चढताना दिपले तर काय होईल, हा विचार त्यांच्यापर्यंत पोचायचा तर तोही खालीच यायला हवा होता.

"पितळ काळं पडतं," पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला पांढरं रबर हवं. पुसलं की स्वच्छ."

त्यांच्या शेजारच्या खोलीतला विमेवाला म्हणाला, "अंधारात चमकणारी घ्या. आमच्या कंपनीत अशीच आहे."

दुसऱ्या मजल्यावर शिकवणी घेणारे सर म्हणाले, "माझी दोनशे मुलं पळत चढतात. मला खरखरीत पाहिजे, एकदम पॉलिश पेपरसारखी."

"साहेब, कुठलीही घ्या," पट्टीवाला हात जोडून म्हणाला, "पण एकच घ्या." तो कमिटीचा मेंबर नसल्यामुळे हे कुणी ऐकलं नाही.

दोन तास भांडण झालं. शेवटी मॅनेजरला तोडगा सुचला आणि त्याचा चेहरा उजळला. "असं करू. नमुन्यादाखल प्रत्येक पायरीला एकेक पट्टी लावू. लोक आठवडाभर वापरतील, वहीत मत लिहितील. कुणाला वाईट वाटायला नको!"

सगळे खूश झाले. कमिटीतले सगळे एकदम खूश झाले की समजावं, कुणाचा तरी पाय मोडणार. पेटीत नमुने होते बारा, आणि जिन्याच्या पहिल्या टप्प्याला पायऱ्याही बाराच. मॅनेजरला हा शुभशकुन वाटला. त्यानं कठड्याला सुतळीनं वही बांधली, वहीला पेन बांधलं, आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, "काम सुरू झालं बरं का!"

बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी पडल्यापडल्या त्याला दोनदा चहा घ्यायला सांगितलं.

आता जिना चढणाऱ्या माणसाचा पाय कसा चालतो ते बघा. पहिल्या दोन पायऱ्यांवर तो अंदाज घेतो आणि मग डोळे मिटून पुढच्या सगळ्यांवर विश्वास टाकतो. प्रत्येक पायरीला तो नव्यानं विचार करत नाही, कारण पायाला कमिटी नसते. इथे पहिली पट्टी अर्धा बोट उंच, दुसरी पायरीशी सपाट, तिसरीची कड पुढे आलेली, चौथी मऊ, पाचवी निसरडी. पहिल्याच दिवशी सात जण ठेचकाळले. दुसऱ्या दिवशी अकरा.

जो ज्या पायरीवर अडखळला, त्यानं वहीत त्या पट्टीच्या नावानं शिव्या लिहिल्या. चौथीवर दोघं तोंडावर आपटले आणि तसेच वर डॉक्टरीणबाईंकडे गेले. डॉक्टरीणबाईंनी वहीत लिहिलं, 'चौथी पट्टी ठीक वाटते.' सरांच्या खरखरीत पट्टीनं दोनशे मुलांच्या चपलांचे तळ सोलून काढले आणि पालक सरांना सोलायला आले. विमेवाल्यानं पहिल्या टप्प्याच्या खाली टेबल मांडलं आणि चढणाऱ्याला अडवून अपघात विम्याचे फॉर्म द्यायला लागला. त्याचा धंदा तेवढा तेजीत आला.

"लोकांनाच चालता येत नाही," चेअरमन दुकानातून ओरडायचे, "आणि म्हणे जिना वाकडा!"

आठवडा संपला. मॅनेजरनं वही उघडली. बाराच्या बारा पट्ट्या नापास झाल्या होत्या. त्यावर कमिटीनं काय करावं? नवे बारा नमुने मागवले. "दुसऱ्या टप्प्यालाही बारा पायऱ्या आहेतच की," चेअरमन म्हणाले.

दहाव्या दिवशी बाई काठी टेकत जिन्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पहिल्या पायरीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं, मग एकदम बाराही पायऱ्यांकडे बघितलं. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्या तळपायाला अजून बँडेज होतं.

"हे काय आहे?"

"नमुने," मॅनेजर म्हणाला. "प्रत्येकाचं मत…"

"हा जिना आहे का बटणांचं नमुना कार्ड? एक ना धड, भाराभर चिंध्या! अहो, एकाच सदऱ्याला मी दोन मापांच्या बाह्या लावल्या तर घालाल तुम्ही?"

"तसं नाही, पण सगळ्यांचं…"

"सरका!"

बाई चढायला लागल्या. पहिली पायरी निभावली, दुसरीही. तिसऱ्या पायरीच्या पुढे आलेल्या कडेत काठीचं टोक अडकलं, काठी हातातून सुटली आणि खडखडत खाली गेली. बाईंनी दोन्ही हातांनी कठडा धरला म्हणून वाचल्या. तिथेच त्या बसल्या. घोट्यातून कळ निघाली होती, पण त्या रडल्या त्या रागानं.

"गेली ऑर्डर," त्या म्हणाल्या. "दहा दिवस राहिलेत. आता काय बेतणार आणि काय शिवणार."

मॅनेजरनं काठी उचलून आणली.

"तुम्ही चेअरमनला विचारलंत," बाई म्हणाल्या. आता त्या ओरडत नव्हत्या, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "डॉक्टरीणबाईंना विचारलंत, सरांना, विमेवाल्याला. रस्त्यानं जाणाऱ्यानंसुद्धा वहीत मत लिहिलंय. इथून पडले कोण? मी. मला विचारलंत?"

मॅनेजरनं मनातल्या मनात यादी चाळली. दोन वर्षांत तेवढं एक नाव त्याच्या यादीत नव्हतं.

"कुठली लावू?" त्यानं विचारलं.

"अ‍ॅल्युमिनियमची, मधे काळं रबर असलेली. पायरीच्या बरोबरीनं बसेल, ठेच लागणार नाही, आणि उतरताना कड दिसेल. नसेल तर दुसरी कुठलीही लावा! पण वरपासून खालपर्यंत एकच!"

दुसऱ्या दिवशी रविवार होता, बिल्डिंग बंद. सकाळी सातला मॅनेजरनं पट्टीवाल्याला बोलावलं. बाराही नमुने उपटले, भोकं बुजवली, आणि अठ्ठेचाळीस पायऱ्यांना अठ्ठेचाळीस सारख्या पट्ट्या बसवायला घेतल्या. ड्रिल पट्टीवाल्याचं, स्क्रू पिळणारा मॅनेजर.

"चेअरमनसाहेबांना विचारलंत ना?" विसाव्या पायरीवर पट्टीवाल्यानं विचारलं.

"नाही."

"डॉक्टरीणबाईंना?"

"नाही."

"मग ठरवलं कुणी?"

"मी," मॅनेजर म्हणाला, आणि दचकून त्यानं मागे वळून पाहिलं.

सोमवारी बाई आल्या. पहिल्या पायरीवर काठी टेकली, मग दुखरा पाय. पट्टीनं पाय धरून ठेवला. दुसरी पायरी पहिलीसारखीच होती आणि तिसरी दुसरीसारखी. बाराव्या पायरीनंतर बाईंनी खाली बघणं सोडलं. वर पोचल्या, टेबलावर कापड पसरलं, आणि खडूनं पहिली रेघ मारताना नवऱ्याला म्हणाल्या, "जमलं हो तुम्हाला." बाईंच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

सोमवारी जिन्यावर कुणी पडलं नाही. मंगळवारी नाही. विमेवाल्यानं टेबल उचललं. जिन्याला पट्ट्या लागल्यात हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

कमिटीच्या मात्र लक्षात आलं. बुधवारी दुपारी ती रंगाच्या दुकानात जमली. ज्यांचं बल्बच्या रंगावर तीन आठवडे जमलं नव्हतं, त्यांचं चार मिनिटांत जमलं. मॅनेजरनं कुणालाही न विचारता पट्ट्या बसवल्या, सबब मॅनेजरला काढण्यात येत आहे.

मॅनेजर वर आला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. "मला काढलं."

"काय? कुणी?"

"सगळ्यांनी. एकही मत विरोधात नाही." त्याच्या आवाजात दुःख होतं, पण थोडं कौतुकही होतं. "इतकं छान एकमत मी आजवर बघितलं नव्हतं."

बाईंनी कापड तसंच टाकलं आणि उठल्या. काठी टेबलाला टेकलेली राहिली, कात्री हातात राहिली. धाडधाड अठ्ठेचाळीस पायऱ्या उतरून त्या रंगाच्या दुकानात शिरल्या.

"अहो वहिनी, हळू!" कात्री बघून चेअरमन डब्यांमागे सरकले. "पाय दुखावलाय तुमचा. पडाल!"

"पडेन? या जिन्यावरून?" बाई गरजल्या. "पडून दाखवा तुम्ही! अकरा वर्षांत एकदा तरी चढा आणि मग पडून दाखवा! बारा तऱ्हा लावून माणसं पाडलीत तेव्हा सगळे गप्प बसलात. एका माणसानं ती पडायची थांबवली, तर त्याला काढता? लाज नाही वाटत?"

चौघांनाही थोडी वाटली असावी, कारण चौघंही एकमेकांकडे बघू लागले.

"ठराव झालाय आता," चेअरमन पुटपुटले. "नवीन मॅनेजर येईपर्यंत तेच बघतील काम. माणुसकी आहे आम्हाला."

बाईंची कात्री हळूहळू खाली आली. "नवीन कोण ठेवताय?"

"माझा मेहुणा आहे," चेअरमन म्हणाले.

"मेहुणा? इथे शिस्तीची बाई पाहिजे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझा एक माजी विद्यार्थी…" सरांनी सुरू केलं.

"त्यापेक्षा एजन्सीचा माणूस घ्या, विमा उतरवलेला," विमेवाला म्हणाला.

"मेहुण्यात काय वाईट आहे?" चेअरमननी डब्यावर मूठ आपटली.

बाईंनी पाच मिनिटं उभं राहून ऐकलं. मग कात्री मिटली आणि शांतपणे जिना चढून वर आल्या. मॅनेजर अजून स्टुलावरच बसला होता.

"काय म्हणतायत?"

"तुमच्या जागी कोणाला घ्यायचं ते ठरवतायत. ते ठरेपर्यंत तुम्हीच."

मॅनेजरनं जरा वेळ विचार केला. "चौघं मिळून?"

"चौघं मिळून," बाई म्हणाल्या आणि त्याच्या हातात ताग्याचं टोक दिलं. "धरा नीट. अजून बावीस गणवेश बेतायचे आहेत."