गॅब्रिएलची हायब्रिड रोपं

"गोऱ्या साहेबाला जन्मात जमलं नाही, ते मी करून दाखवणार," असं गॅब्रिएलने चराईच्या सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. आणि गॅब्रिएल एकदा बोलला की बोलला. मागे घेणं त्याच्या रक्तातच नव्हतं, तिथेच तर सगळा घोळ झाला.

गॅब्रिएल कल्याणच्या रेल्वे यार्डात नोकरीला. तिथला साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा बाकीच्यांनी त्याच्या खुर्च्या-कपाटं उचलली. आपल्या या शहाण्याने उचलल्या दोन कुंड्या! अँथुरियमच्या. एकीला लाल फूल यायचं, दुसरीला पांढरं. फूल तरी कसलं, तेल चोपडल्यासारखं चकचकीत एक पान आणि त्यातून वर आलेली बोटभर दांडी. या दोघांचा संकर करायचा, कुणी पाहिला नाही असा रंग काढायचा आणि हायब्रिड रोपं विकायची, हा त्याचा बेत.

शेजारी काळुराम आगरी राहायचा, सगळं आयुष्य मिठागरावर काढलेला. गॅब्रिएल दाढीच्या ब्रशाने एका फुलाची भुकटी दुसऱ्याच्या दांडीला लावतोय, हे त्याने कुंपणावरून पाहिलं आणि त्याला राहवेना. हे काय चाललंय म्हणून विचारलं, तर गॅब्रिएल मान वर न करता म्हणाला, "लग्न लावतोय."

झालं! संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायका लग्न बघायला हजर. काळुरामच्या बायकोने, कमळाबाईने, होणारं पोर बापावर जाणार की आईवर, असं विचारलं. ते फूल येईपर्यंत देवालाही सांगता यायचं नाही, असं गॅब्रिएलने ऐटीत सांगितलं. मग काय, दाणे कधी धरले, कधी पिकले, रोप केवढं झालं, याची चौकशी येताजाता सुरू झाली. काळुराम गुलाबी म्हणायचा, कमळाबाई पट्ट्यापट्ट्याचं म्हणायची. पावसाळे गेले, रोपांना वितीएवढी, थेट अळूसारखी पानं आली, पण फूल काही दिसेना.

गॅब्रिएलची बायको सबीना मात्र कंटाळली होती. या कुंड्यांपायी तिच्या कोंबड्यांना ओसरीवरून हाकलून दिलं होतं. शेवटी तिने निक्षून सांगितलं, "वांद्र्याच्या जत्रेचा आठवडा संपेपर्यंत एक तरी रोप विकून दाखव. नाहीतर तुझ्या कुंड्या उकिरड्यावर आणि माझ्या कोंबड्या ओसरीवर."

गॅब्रिएलचं धाबं दणाणलं. त्या कुंड्यांवर त्याचा जीव होता. धावपळ करून त्याने गिऱ्हाईक गाठलं. टिपणीस म्हणून एक निवृत्त मामलेदार होते. डोंबिवलीला नवा बंगला बांधला होता आणि दुसऱ्या कुणाकडे नाही असं झाड त्यांना हवं होतं. जत्रेच्या आठवड्यातल्या शनिवारी ते यायचे ठरले.

तेवढ्यात ओसरीवर तिरप्या येणाऱ्या उन्हाने रोपांची पानं करपायला लागली. अँथुरियमला सावली लागते, आणि परसात गर्द सावली एकच, विहिरीमागच्या सबीनाच्या अळूची. तिला विचारलं असतं तर तिने अळूत पाऊल टाकू दिलं नसतं. म्हणून तिची पाठ वळल्यावर गॅब्रिएलने सगळी रोपं गुपचूप अळूखाली लावून टाकली. दोन मरतुकडी राहिली, ती खिडकीतल्या डब्यांत.

आता बघा हं गंमत. त्या वर्षी ऋषीपंचमी नेमकी जत्रेच्या आठवड्यातल्या शुक्रवारी आली. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. सबीनाचा अळू वाढायचा विहिरीच्या सांडपाण्यावर, त्याला नांगर ठाऊक नाही. त्यामुळे दरवर्षी कमळाबाई ऋषीच्या भाजीला तोच न्यायची. सबीनाही जत्रेला निघताना शेजारधर्माने सांगून गेली, "मागचा अळू ने गं. कोवळा कोवळा बघून घे."

कोवळा कोणता होता, ते सांगायला नको.

संध्याकाळी दमून परतलेल्या गॅब्रिएलपुढे कमळाबाईने पाठवलेला भाजीचा वाडगा आला. भूक सपाटून लागलेली. त्याने भाजी चाटूनपुसून खाल्ली, वर अजून आहे का म्हणून विचारून आला. आणि थोड्याच वेळात घशात खाजकुयली लावल्यासारखं झालं. सकाळी उठतो तो आवाज पार बसलेला.

खाकरत तो विहिरीमागे गेला. अळूची मोठी पानं तशीच डुलत होती. खाली एकही रोप नव्हतं, सगळी मुळासकट गेलेली. कुंपणापलीकडून कमळाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "गाबरेल भाऊ, औंदा तुमचा अळू लई खाजरा निघाला. चिंच घातली तरी आयकं ना. अख्ख्या आळीचा घसा धरलाय."

गॅब्रिएलला तिथेच रडू कोसळलं. काय खाल्लं आपण! आणि नेमके त्याच वेळी टिपणीस फाटकातून आत आले.

ते रोपं कुठे म्हणून विचारताहेत आणि गॅब्रिएलच्या तोंडून नुसती फुसफूस. तो हातवारे करून विहिरीकडे, कुंपणाकडे, आपल्या पोटाकडे बोट दाखवू लागला. टिपणीसांना काही कळेना. सबीनाने एकदा नवऱ्याच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग विहिरीमागे गेली आणि दोन रोपं मुळांसकट उपटून, केळीच्या पानात बांधून घेऊन आली. सावलीत ठेवा, पाणी भरपूर घाला, हायब्रिड आहे, असं तिने ठासून सांगितलं. आता सबीनाला स्वतःचा अळू ओळखता येत नव्हता, असं म्हणायला माझं तोंड धजत नाही. टिपणीस खूश होऊन गेले. रोप विकलं गेलं, अट पुरी झाली, कुंड्या ओसरीवर राहिल्या.

गॅब्रिएलचा घसा दोन दिवसांत सुटला. पण डोंबिवलीला जाऊन खरं सांगावं, एवढा काही तो सुटला नाही.

पुढच्या वर्षी खिडकीतल्या एका मरतुकड्याने फूल धरलं. पांढरं, आणि कडेने गुलाबी झाक! सगळी गल्ली लोटली. काळुराम तर आपणच बाप असल्यासारखा मिरवत होता. त्या गर्दीतून वाट काढत टिपणीस आले. गॅब्रिएलने घाईघाईने फुलाचा डबा पुढे केला आणि हे घेऊन जा म्हणाला.

टिपणीसांनी फुलाकडे नजर टाकली. "छान आहे," ते म्हणाले. "पण मला मागच्या वेळचीच आणखी चार द्या. फूल नाही आलं, न येवो. परवा आमच्या मंडळींनी त्याच्या वड्या केल्या. चव हुबेहूब अळूची आणि घशाला खाज म्हणून नाही. याला म्हणतात हायब्रिड!"

गॅब्रिएलने तोंड उघडलं. या वेळी त्याचा आवाज अगदी खणखणीत होता, पण सबीना केव्हाच विहिरीमागे पोचली होती.