शालूबाईच्या उंचीचे बोर्ड

"आता घरातलं एक बटन दाबायला मी उठलो तर नाव बदलीन!" कुरुंद्याच्या चहाच्या टपरीवर व्यंकटरावांनी छाती फुगवून जाहीर केलं.

त्याचं असं झालं होतं. त्यांची लेक कोमल रांगायला लागली आणि तिनं प्लगमध्ये बोट घातलं. व्यंकटरावांनी घाबरून बटनांचे सगळे बोर्ड पार आढ्याजवळ नेले! पुढं कोमल पुसेगावला नांदायला गेली, बोर्ड मात्र तिथंच राहिले. त्यांच्या बुटक्या बायकोचा, शालूबाईचा हात काही तिथवर पोचेना. मग दिवसभर नुसत्या हाका! "अहो, फॅन लावा! अहो, मिक्सर बंद करा!"

"मी घरमालक हाये का वायरमन?" व्यंकटराव कुरकुरत उठायचे.

यंदा घराची डागडुजी निघाली, तसं त्यांनी बोर्ड खाली घ्यायला नेमसिंग वायरमनला धरलं. त्यानं छिन्नी मारली मात्र, जुनी मातीची भिंत भसाभसा सुटली! बोर्ड वीतभर, खड्डा पोत्याएवढा! भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटो थेट तांदळाच्या डब्यात!

"बोर्ड खाली घेऊन राहिले का घर?" शालूबाई ओरडली.

शेवटी बोर्ड तिच्या खांद्याशी आले. तिनं लेकरासारखी सगळी बटनं दाबून पाहिली. "आता तुमाला तकलीफ न्हाई," ती म्हणाली.

खरंच राहिली नाही. हाकच थांबली! तेव्हा कुठं व्यंकटरावांच्या ध्यानात आलं, की पोरगी गेल्यापासून नवरा-बायकोत बोलणं म्हणून जे काही उरलं होतं, ते एवढंच होतं. घर नुसतं खायला उठलं.

त्यांनी गुपचूप कूलरची पिन उपसली. तिनं येऊन खोचली. पुन्हा उपसली.

"काहून? बिल जास्त आलं का?"

"न्हाई."

संपलं बोलणं! मग एका रणरणत्या दुपारी त्यांनी मेन स्विचचा फ्यूजच काढून खिशात घातला आणि बाजेवर डोळे मिटून हाकेची वाट बघत पडले. फॅन थांबला. शालूबाई पदरानं वारा घेत राहिली. हाक नाहीच!

थोड्या वेळानं ती उठली आणि तिनं सरळ त्यांच्या खिशात हात घातला.

"शेजाऱ्यांचा टीव्ही चालू हाये," फ्यूज त्यांच्या हातावर ठेवत ती म्हणाली. "बोलायचं असल तर तसंच बोला की."

व्यंकटरावांनी मुकाट्यानं फ्यूज बसवला. तिच्यासमोर येऊन बसले. काय बोलावं? लई डोकं खाजवलं. ती वाट बघत होती.

"फॅन लावू का?" त्यांनी विचारलं.

"चालूच हाये," शालूबाई म्हणाली.