आईला बर्फ दाखवायला नेलं तेव्हा

प्रवासाची आखणी करावी तर ती मीच, असं माझं स्वतःबद्दल ठाम मत होतं! पेरूजाच्या विद्यापीठात तीन वर्षं काढली होती. इटलीतल्या गाड्यांची वेळापत्रकं मला अशी पाठ होती, की स्टेशनातला बाबू चुकला तर मीच त्याला सुधारायचो. वसतिगृहात कुणाचे आईवडील भेटायला आले, की पोरं माझं दार ठोठावायची. "स्कंदर, चार दिवसांचं काहीतरी आखून दे रे!" मी आखून द्यायचो. आणि ती मंडळी सुखरूप परतही यायची!

त्यामुळे माझी स्वतःची आई ट्युनिशियाहून येणार म्हटल्यावर मी लगेच बाह्या सरसावल्या. आईचा व्हिसा दोनदा नाकारला गेला होता. तिसऱ्या खेपेला मिळाला, तोही मोजून दहा दिवसांचा. फोनवर मी ऐटीत विचारलं, "बोल, काय बघायचंय? रोम? व्हेनिस?"

"बर्फ," आई म्हणाली.

"बर्फ?"

"आभाळातून पडलेला. पायाखाली करकरणारा. आपल्या स्फाक्समध्ये काय आहे? समुद्र! उठलं की समुद्र, झोपताना समुद्र. साठी उलटली माझी. बर्फ म्हणजे फ्रीजमधला, एवढंच माहीत असून मरू का मी?"

झालं! मी नकाशा काढला आणि दहा मिनिटांत गाव शोधलं. कास्तेलब्रीना. 'ब्रीना' म्हणजे गोठलेलं दंव. नावातच गारठा! आणखी कसला पुरावा हवा? शनिवारी जायचं, रविवारी परत. सोमवारी माझी परीक्षा आणि बुधवारी आईचं विमान, म्हणजे हा एकच शनिवार-रविवार हाताशी. बरोबर माझे दोन मित्र: हंगेरीची एमेशे, जी डॉक्टरकी शिकते आणि गरजेपुरतंच बोलते, आणि पोर्तुगालचा दुआर्त, जो इंजिनियर होणार आहे आणि जेवणापुरताच जगतो. आईशी दोघंही मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलायचे.

शनिवारी पहाटे आम्ही निघालो ते एव्हरेस्टवर चाललो असल्यासारखे! वसतिगृहातल्या अर्ध्या पोरांचे कपडे आमच्या अंगावर होते. आईला मी दोन कोट, तीन मोजे आणि एका दांडगट नॉर्वेजियन मुलाचे बर्फातले बूट चढवले होते. ती चालायला लागली की कपाट सरकल्यासारखं वाटायचं. तेवढ्यावर भागलं नाही. आईने स्फाक्सहून आणलेलं कुसकुसचं दुमजली पातेलं, सात किलो कुसकुस, म्हणजे गव्हाचा जाडसर रवा, आणि हरिसा या तिखट मिरचीच्या चटणीची बरणीही बरोबर घेतली.

"आई, दोन दिवसांची सहल आहे!"

"बर्फात अडकलो तर? तू नकाशा खाशील?"

दुआर्तने ताबडतोब पातेलं उचलून घेतलं. "काकू बरोबर बोलतायत," तो म्हणाला.

दोन गाड्या बदलल्या आणि मग बस. तासाभराने एमेशे खिडकीतून बघत म्हणाली, "डोंगर मागे चाललेत."

"अगं, चढायच्या आधी थोडं उतरावं लागतं," मी समजावलं.

"संत्र्याची झाडं दिसतायत."

"थंडीतली जात असेल."

बारा वाजता बस थांबली. आम्ही उतरलो. समोर समुद्र होता!

होय मंडळी, समुद्र! निळाशार, उन्हात चमकणारा, स्फाक्समधला वाटावा असा. इटलीत कास्तेलब्रीना नावाची दोन गावं आहेत आणि डोंगरातलं ते दुसरं, हे ज्ञान मला तिथे पाटीखाली उभं राहून झालं. आईने समुद्राकडे बघितलं. समुद्राने आईकडे बघितलं. मग ती शांतपणे म्हणाली, "ओळख आहे आमची."

मला ओरडली असती तर बरं झालं असतं! परतीची बस संध्याकाळी पाच वाजता. गावातली सगळी हॉटेलं हिवाळ्यासाठी बंद. मी तोंड उघडणार, इतक्यात लांब पांढऱ्या मिशांचा एक गृहस्थ धावत आला. आईकडे बघितलं, दुआर्तच्या हातातल्या पातेल्याकडे बघितलं आणि आभाळाकडे बघून छातीवर क्रुसाची खूण केली.

"आलात बाई! देवासारख्या आलात!"

त्याचं नाव नेवियो. पुढे तो जे बोलला ते तिथल्या गावठी बोलीत, आणि इतक्या वेगाने, की माझ्या कानात मोजके शब्दच पडले. बाई. स्वयंपाकघर. साठ. दोन वाजता. आता ज्याला इटालियन येतं त्याला चार शब्द पुरतात! मी आईला आणि मित्रांना खुलासा केला, "यांची खानावळ दिसतेय. स्वयंपाकघरही वापरायला मिळेल. साठ नंबरची खोली, दोन वाजता ताब्यात. बघा, माणसाच्या चेहऱ्यावर आखणी दिसते!"

नेवियोने विचारलं, "बाईंना ऑक्टोपस जमतो ना?"

असा प्रश्न खानावळवाला का विचारतो, हे मला खटकायला हवं होतं. पण अभिमान आड आला! "जमतो म्हणजे? अहो, स्फाक्सची आहे ती! दात येण्याआधी ऑक्टोपस चघळलाय तिने!"

नेवियोने माझा हातच धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

धक्क्याजवळच्या, भिंतींवर मासेमारीची जाळी टांगलेल्या एका लांबलचक दालनात त्याने आम्हाला नेलं. आत टेबलंच टेबलं, त्यांवर ताटं मांडलेली. पलीकडे स्वयंपाकघर. तिथे माणूस उभा राहील एवढे चार टोप आणि तीन पेट्या ताजा ऑक्टोपस. "मी येतोच," म्हणून नेवियो पळाला.

"खोल्या कुठायत?" दुआर्तने विचारलं.

"वर असतील," मी म्हणालो.

आई हसायलाच लागली. दोन कोटांच्या आत तिचं सगळं अंग हलत होतं. "अरे उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या! तीन वर्षं शिकतोयस ना इथे? टोप बघ. ताटं मोज. साठ नंबरची खोली नाही रे, साठ माणसं आहेत! दोन वाजता जेवायला येतायत, आणि ती मला आचारीण समजलीत!"

आईला इटालियनचा एक शब्द येत नाही, बरं का! पण स्वयंपाकघराची भाषा तिला येते. स्फाक्सच्या मुलींच्या वसतिशाळेत तिने सव्वीस वर्षं भटारखाना चालवला. तीनशे पोरी, दोन वेळचं. साठ माणसं म्हणजे तिला चहाला पाहुणे!

"मी जाऊन सांगतो, चूक झाली म्हणून," मी दाराकडे वळलो.

"थांब! ती माणसं जाळी सोडून, अंघोळी करून भुकेली येतील. त्यांना काय चुकीचं भरीत वाढणार आहेस?" तिने एक कोट फेकला. दुसरा फेकला. नॉर्वेजियन बूट धाडकन कोपऱ्यात गेले. "पोरी, तू ऑक्टोपस साफ कर. तू, कांदे! आणि तू, पंडित, पाणी ठेव. पाणी ठेवायला भाषा लागत नाही."

पुढचे दीड तास मी जे बघितलं, ते एखाद्या सेनापतीला बघायला मिळालं असतं तर त्याने राजीनामा दिला असता! एमेशे ऑक्टोपस असे कापत होती जणू अंतिम परीक्षा चालू आहे. "हात चांगला आहे," आई फ्रेंचमध्ये म्हणाली. एमेशे लाजून लाल झाली. प्राध्यापकांनी तिला असं कधी म्हटलं नव्हतं. आई स्वतः दगडी ओट्यावर ऑक्टोपस आपटत होती आणि प्रत्येक आपटीला माझ्याकडे एकदा बघत होती.

दीडला दार उघडलं. दारात एक उंच, धिप्पाड बाई, हातात स्वतःच्या सुऱ्यांचं गाठोडं. मागे नेवियो, चुन्यासारखा पांढरा. खरी आचारीण! इओलांदा तिचं नाव. बस चुकली म्हणून मासळीच्या टेम्पोतून आली होती आणि तिच्या चेहऱ्यावर तो सगळा टेम्पो होता.

"ही कोण?" आईने मला विचारलं. "कमरेवर हात ठेवून माझ्या चुलीपाशी का उभी?"

"आई म्हणते, आपलं स्वागत आहे," मी इटालियनमध्ये म्हणालो.

"तिला सांग," इओलांदा गरजली, "ऑक्टोपस असा बडवत नाहीत! ती काय गोधडी आहे?"

"आई, ती म्हणते वास फार छान सुटलाय."

"खोटं! वासाचं बोलताना माणसाचं नाक पुढे येतं. हिच्या भुवया वर गेल्यात."

नेवियोने माझी कॉलर धरली. "मग तुम्ही आहात तरी कोण?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. बर्फ, दोन गावं, साठ नंबरची खोली, सगळं! मला वाटलं, आता आईचा इथे अपमान होणार. दहा दिवसांसाठी आलेली माझी आई, आणि तिच्यावर मी परक्या गावात चोरासारखं बाहेर पडायची वेळ आणली!

आई मात्र माझ्याकडे बघतही नव्हती. तिने पळी टोपात बुडवली आणि इओलांदासमोर धरली. इओलांदाने फुंकर मारली. चाखलं. डोळे मिटून पुन्हा चाखलं. मग सुऱ्यांचं गाठोडं सोडलं, खुंटीवरचा एप्रन कमरेला बांधला आणि पांढऱ्या वाइनची बाटली उघडली. आईने बाटलीवर हात ठेवला; तिच्या स्वयंपाकात दारू चालत नाही. शेवटी इओलांदाने एक टोप आपल्याकडे ओढला, तीन आईकडे सरकवले आणि वाइन फक्त आपल्या टोपात ओतली. हा तह माझ्या मदतीशिवाय झाला!

बरोबर दोनला साठ कोळी आले; त्यांच्या मंडळाचं जेवण होतं. कुसकुसचे डोंगर, त्यांवर हरिसाचा लालभडक ऑक्टोपस! पहिल्या घासाला खोकले उठले. दुसऱ्या घासाला शांतता. तिसऱ्यानंतर ताटं पुढे यायला लागली. कुणी उठायला लागला की आई अरबीत ओरडायची, "ताट साफ केल्याशिवाय हलायचं नाही!" आणि समुद्राला न घाबरणारे ते बाप्ये मुकाट खाली बसायचे. मी भिंतीला टेकून बघत होतो. घरी आई मला नेहमी छोटीशी वाटायची. त्या दिवशी तिच्यासाठी ते दालन लहान पडत होतं.

जेवणं आटोपल्यावर भांडी माझ्या वाट्याला आली, आणि ती घासता घासताच मला सगळ्यांच्या फोटोत उभं केलं गेलं. नंतर नेवियोने कोळ्यांना माझी बर्फाची हकिकत सांगितली. इतकं हसले, की एकाची कवळी निसटली! मग पाचसहाजण उठले, आईला हाताला धरून मासळीच्या बर्फकारखान्यात घेऊन गेले आणि फावड्यांनी बारीक बर्फाचा ढीग तिच्यासमोर लावला. आईने त्यात पाय ठेवला. करकर वाजलं. तिने मूठभर उचलून हुंगलं.

"हा बर्फ नाही," ती म्हणाली. "याला मासळीचा वास येतोय." आणि त्याचा गोळा करून तिने नेम धरून माझ्या कानावर हाणला!

पाचची बस आमच्यासाठी वीस मिनिटं थांबली, कारण ड्रायव्हरही आतच जेवत होता.

आई परत गेली. महिन्याभराने एमेशेच्या नावाने एक जाडजूड पाकीट आलं. त्यात कोळी मंडळाच्या जेवणाचं मोठं छायाचित्र होतं. तसंच त्यांनी दालनात चौकटीत लावलंय म्हणे. खाली सुबक अक्षरांत प्रत्येकाचं नाव. मधोमध आईखाली 'दालेंदा, स्फाक्स. मुख्य आचारीण.' शेजारी 'इओलांदा.' मग 'डॉक्टर एमेशे.' मग 'दुआर्त, चार वेळा वाढून घेतलं.' आणि अगदी कडेला, साबणाने माखलेल्या हातांनी उभ्या असलेल्या माझ्याखाली लिहिलं होतं: 'भांडी घासणारा. नाव माहीत नाही, बहुतेक पोर्तुगीज.'

मी चिडून आईला फोन केला. तिलाही तेच छायाचित्र गेलं होतं आणि तिने ते बैठकीत लावलंही होतं! म्हटलं, "निदान आपल्या घरातलं तरी दुरुस्त कर!"

"कशाला?" आई म्हणाली. "पोरगा गुणी आहे. भांडी चकचकीत घासली होती त्याने."