मुकादमच्या निधनाचा खुलासा

गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आमचा कुत्रा मरण पावला. त्या वेळी तो प्राण्यांच्या रुग्णालयाबाहेरच्या बाकाखाली बसून माझ्या सासऱ्यांच्या बुटाची नाडी चघळत होता.

यात विसंगती आहे हे मला मान्य आहे. विसंगती पकडणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. गेली एकोणीस वर्षं मी एका दैनिकात पानं लावतो. आमच्या कपाटात त्रेचाळीस मोठ्या माणसांचे मृत्युलेख तयार आहेत आणि ती त्रेचाळीसही माणसं आज हिंडती-फिरती आहेत. ऐनवेळी धावाधाव नको, एवढाच हेतू. मागे एक उद्योगपती छपाईच्या दहा मिनिटं आधी गेले, तर आमच्याकडे पाऊण पान मजकूर आणि चार फोटो होते. शेजारच्या दैनिकाकडे फक्त वय होतं, तेही चुकलेलं.

म्हणून मी घरात जाहीर केलं होतं की मुकादमच्या बाबतीत काहीही ऐनवेळी होणार नाही. सगळं आधी ठरेल, स्वस्तात ठरेल आणि शांतपणे पार पडेल.

मुकादम म्हणजे कुत्रा. वय चौदा, रंग तपकिरी, जात अनिश्चित. घरात कोणी काम काढलं की हा चार फुटांवर बसून शेवटपर्यंत बघत राहतो आणि हात लावत नाही, म्हणून हे नाव. तो सासऱ्यांचा. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हा सोबत दोन बॅगा होत्या आणि हा.

आठवड्यापूर्वी त्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "शस्त्रक्रिया करता येईल, पण या वयात मी आग्रह करणार नाही. घरी ठेवा. दुखू नये म्हणून गोळ्या देते, दर आठ तासांनी. त्या चुकवू नका. चुकली तर त्याला उभंही राहता येणार नाही."

"किती दिवस?" सासऱ्यांनी विचारलं.

"तीन आठवडे. फार तर चार."

त्या संध्याकाळी मी तक्ता केला. शस्त्रक्रिया, एक लाख ऐंशी हजार. रुग्णालयात ठेवणं, रोजचे सहा हजार. घरी नर्स, तासावर. झोपेचं शेवटचं इंजेक्शन, अडीच हजार, घरी येऊन दिलं तर चार. सासऱ्यांनी चष्मा लावून तक्ता वाचला आणि बोट तळाच्या ओळीवर ठेवलं.

"हे काय आहे?"

"अंत्यसंस्कार. वजनावर आहे. वीस किलोपर्यंत साडेचार हजार, वीसच्या वर सात."

"आपला किती भरतो?"

"वीस किलो सहाशे ग्रॅम."

"आणि ही फुली कसली?"

फुली तळटिपेची होती. तळटीप अशी होती: 'भूक मंदावल्यास खालचा दर लागू होण्याची शक्यता.'

सासरे आयुष्यभर एका गिरणीच्या वजनकाट्यावर होते. ट्रक काट्यावर चढला की आकडा न बघता ते वजन सांगत, असं बायको सांगते. त्यांनी माझंही वजन करावं तसं माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही वर्तमानपत्रात आहात ते बरं आहे. माणसांत असता तर जड गेलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून फ्रिजमधली अंडी संपू लागली. गुरुवारी रुग्णालयाच्या काट्यावर मुकादम एकवीस किलो तीनशे ग्रॅम भरला आणि सासऱ्यांनी ती पावती घडी करून खिशात ठेवली. मूळव्याधीच्या गोळ्यांची पावतीही ते इतकी जपून ठेवत नाहीत.

गुरुवारी आमची दोन कामं होती. एक, गोळ्या घेणं. सकाळी सहाची गोळी शेवटची होती, पुढची दोन वाजता द्यायची. या गोळ्या बाहेरच्या दुकानात मिळत नाहीत, रुग्णालयातच आणि फाइल बघूनच देतात. दुसरं काम माझं. 'अंतिम सेवा' या खिडकीवर आगाऊ नोंदणी केली तर तीस टक्के सवलत होती आणि तिचा तो शेवटचा दिवस होता. औषधांच्या खिडकीपुढे नऊ माणसं होती, अंतिम सेवेपुढे एकही नव्हतं. सासऱ्यांना कुत्र्यासह बाहेर बसवून मी कमी रांगेचं काम आधी घेतलं. कोणीही हेच केलं असतं.

खिडकीवरच्या बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "सर, एवढं भरून टाका," म्हणाल्या आणि फोन घ्यायला आत गेल्या.

प्राण्याचं नाव, वजन, दहन स्वतंत्र की सामुदायिक, राख हवी की नको. मी स्वतंत्र घेतलं, राख चिनी मातीच्या भांड्यात घेतली. सवलतीत होती. मग रकाना आला: मृत्यूची तारीख व वेळ.

आता माझी अडचण समजून घ्या. एकोणीस वर्षांत माझ्या पानावर रकाना रिकामा गेलेला नाही. तरी हा मी रिकामा सोडून पाहिला. पडदा पुढे सरकेना. तीन आठवड्यांनंतरची तारीख टाकली. लाल अक्षरांत उत्तर आलं: 'भविष्यातील तारीख स्वीकारली जात नाही.' तत्त्व म्हणून ते मला पटलं. मग मी आजची तारीख टाकली, भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ टाकली आणि बटण दाबलं. पुढे दुरुस्ती करता येईल, असा हिशेब. आम्ही रोज करतो.

पडद्यावर एक मेणबत्ती आली. 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' मला ती ग्राहकसेवा वाटली.

औषधांच्या खिडकीवर माझा नंबर आला तेव्हा अकरा वाजायला पाच मिनिटं होती.

"फाइल बंद आहे, सर," तिथला माणूस म्हणाला.

"मग उघडा."

"पेशंट वारलाय."

"कधी?"

"दहा वीसला."

"तो बाहेर बसलाय."

त्याने मान वाकडी करून दाराकडे पाहिलं आणि मग पडद्याकडे पाहिलं. पडदा त्याला जवळचा होता. "इथे तसं दिसत नाही, सर."

मी शांत होतो. चूक छापली गेली की काय करायचं हे मला शिकवावं लागत नाही. मी तिथेच एक कोरा कागद मागून खुलासा लिहिला: 'आज सकाळी आमच्या कुत्र्याचे निधन झाल्याची नोंद झाली आहे. तथापि ते झालेले नाही. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' स्वच्छ मजकूर, एक शब्द जास्त नाही. तो घेऊन मी व्यवस्थापकांकडे गेलो.

व्यवस्थापकांनी तो दोनदा वाचला. "छान लिहिलंय," म्हणाले. "पण हे चालणार नाही. मृत्यूची नोंद नातेवाइकाने केली असेल तर ती रद्द करायला डॉक्टरांचा दाखला लागतो."

डॉक्टरबाईंनी मुकादमला तपासलं, त्याच्या कानामागे खाजवलं आणि म्हणाल्या, "जिवंत आहे. पण दाखला फाइलवरच निघतो आणि फाइल बंद आहे. ती व्यवस्थापक उघडतील."

"ते म्हणतात दाखला आणा."

"हो, आधी फाइल उघडायला हवी."

तपासून बाहेर पडताना पहारेकऱ्याने आम्हाला अडवलं. त्याच्या हातातल्या यादीत आमचं नाव चढलं होतं. "हा मागच्या दाराने जायचा," तो म्हणाला. "गेलेले इथून नेत नाहीत. बाकीच्यांना वाईट वाटतं."

"हे त्याला सांग ना तू," सासरे पहारेकऱ्याला म्हणाले. "त्याला समजावून बघ."

पहारेकऱ्याने मुकादमकडे पाहिलं. मुकादमने त्याच्याकडे पाहिलं, चार फुटांवर बसला आणि त्याचं काम नीट चाललंय का ते बघू लागला.

अकरा पस्तीसला बायको आली. फाइलवर मोबाइल नंबर तिचा होता हे मी विसरलो होतो. मेणबत्ती तिलाही गेली होती. ऑफिसातली बैठक सोडून, वाटभर रडत, पायात दोन वेगळ्या चपला असाव्यात अशा चालीने ती दारातून आत शिरली, आणि आतल्या बाकाखाली तिला शेपूट हलताना दिसली. तिने खाली बसून त्याला कवटाळलं. मग ती उठली.

"कोणी केलं हे?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बोट केलं नाही. फक्त चष्मा पुसला. त्यापेक्षा बोट परवडलं असतं.

"रकाना रिकामा जात नव्हता," मी म्हणालो.

"तीस टक्क्यांसाठी?"

"नुसतं तीस टक्क्यांसाठी नाही. मला वाटलं, तो दिवस येईल तेव्हा बाबांना या खिडक्यांपुढे उभं राहावं लागू नये."

हे वाक्य मी आधी तयार केलेलं नव्हतं.

बारा वाजता व्यवस्थापकांनी दोन मार्ग सांगितले. पहिला, मुख्य कार्यालयाकडे अर्ज, कामाचे सात दिवस. दुसरा, नवा कुत्रा म्हणून नवी फाइल. पण नव्या कुत्र्याला या गोळ्या सगळ्या तपासण्या झाल्याशिवाय देत नाहीत, म्हणजे दोन दिवस आणि अकरा हजार.

"आम्हाला आज दोन वाजता गोळी लागणार आहे," मी म्हणालो.

"मी समजू शकतो."

"समजू नका. द्या."

आवाज माझाच होता. बायकोने वळून पाहिलं. मी बाकावर जाऊन बसलो आणि सांगितलं की गोळी मिळेपर्यंत हे कुटुंब इथून हलणार नाही. पहारेकऱ्याला बोलवायचं तर बोलवा, मागचं दार उघडायचं तर उघडा, पण या कुत्र्याला मी पुढच्या दारानेच घरी नेणार. एका बाजूला सासरे बसले, दुसऱ्या बाजूला बायको. समोरून एक मांजर, एक पोपट आणि एक कासव येऊन गेलं. डॉक्टरबाई दोनदा व्यवस्थापकांच्या खोलीत गेल्या आणि दोनदा तोंड पाडून बाहेर आल्या.

पावणेदोनला मुकादमचे मागचे पाय थरथरू लागले. तो उठायला गेला आणि बसला. पुन्हा गेला आणि पुन्हा बसला. तो आवाज करत नव्हता. सासऱ्यांनी त्याच्या पोटाखाली हात घातला आणि तसाच ठेवला. काट्यावरच्या माणसाचा हात, हलला नाही.

अंतिम सेवेच्या खिडकीपुढे तोवर हिरव्या शालीतल्या एक बाई येऊन उभ्या होत्या. त्यांच्या हातात गळ्याचा पट्टा होता, रिकामा. त्यांचं काम झालं तेव्हा त्या आमच्याकडे आल्या, मुकादमकडे थोडा वेळ बघत राहिल्या आणि पर्समधून एक पाकीट काढलं.

"याच गोळ्या ना? नऊ उरल्यात," त्या म्हणाल्या. "आमच्याला आता नको."

बायकोने त्यांचा हात धरला. तेवढ्यात व्यवस्थापक धावत आले.

"एका पेशंटचं औषध दुसऱ्या पेशंटला आवारात देता येत नाही. नियम आहे."

सासरे सावकाश उठले. "दुसरा पेशंट कोण?" त्यांनी विचारलं. "हा? हा तर सकाळीच गेला ना? तुमच्याकडे नोंद आहे. मेलेल्याला गोळी द्यायची नाही असा नियम असेल तर दाखवा."

व्यवस्थापकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सासऱ्यांनी मुकादमचं तोंड उघडलं आणि मिटलं.

"लिहून घ्या," मी व्यवस्थापकांना म्हणालो. "दुपारी दोन वाजून एक मिनिट. मृताने गोळी गिळली."

अर्ध्या तासाने मुकादम उठला. पुढच्या दाराने, पहारेकऱ्याच्या समोरून, आम्ही चौघे घरी आलो. हिरव्या शालीतल्या बाई तोवर निघून गेल्या होत्या. त्यांचं नाव विचारायचं आमच्यातल्या कोणालाही सुचलं नाही. एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर मलाही नाही.

आज शनिवार. मुख्य कार्यालयाकडून उत्तर नाही. गोळ्या दोन उरल्या आहेत. दुपारी सव्वातीनला बायकोच्या फोनवर निरोप आला: राख तयार आहे, दोन दिवसांत न नेल्यास रोज शंभर रुपये आकार पडेल.

मी फोन करून विचारलं, "कोणाची राख?"

"फाइलवर आहे ना, सर," खिडकीवरच्या बाई म्हणाल्या. "एकवीस किलो तीनशे. तुमचाच आहे."

मुकादम पंख्याखाली घोरत होता. मी त्यांना सांगितलं की एक पैसाही देणार नाही, राखही नेणार नाही, आणि हे सगळं मी छापणार आहे. फोन ठेवला तेव्हा सासरे बूट घालत होते.

"कुठे निघालात, बाबा?"

"ती कोणाची तरी आहे, जावईबापू. त्या हिरव्या शालीतल्या बाई वाट बघत असतील." त्यांनी गोळ्यांचं पाकीट खिशात घातलं. त्यावर त्या बाईंच्या कुत्र्याचा फाइल नंबर आहे. "या नंबरच्या कुत्र्याची राख त्यांना मिळाली नसेल तर पत्ता काढतो आणि ही नेऊन देतो. आणि त्या व्यवस्थापकाकडून गोळ्या घेतो."

"देणार नाहीत ते."

"बघू या ना," म्हणून त्यांनी मुकादमला हाक मारली.

साडेतीनला ते दोघे निघाले. आता सहा वाजत आले आहेत. हे लिहून होईपर्यंत दोघेही परतलेले नाहीत.