कुरकुरीत सॅलडची शंभर टक्के तपासणी

सकाळी साडेनऊ वाजता नापासरावांनी गाजराची पहिली काडी कॅलिपरच्या चिमटीत धरली, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि म्हणाले, "नापास."

"अहो, गाजर आहे ते!" बायको म्हणाली. "बोल्ट नाहीये."

"पोरीने कागदावर तीन मिलिमीटर लिहिलंय. ही साडेतीन आहे."

"मग? अर्ध्या मिलिमीटरने कुणाच्या घशात अडकणारे?"

"आज साडेतीन चालवलं, की उद्या चार चालवावं लागतं," नापासराव म्हणाले आणि काडी उजवीकडच्या परातीत टाकली. त्या परातीवर त्यांनी लाल खडूने फुली मारून ठेवली होती.

यापुढे बोलण्यात अर्थ नसतो, हे बायकोला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं. नटबोल्टच्या कारखान्यात बत्तीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेला हा माणूस. माल नापास करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून तर ते नाव पडलं. निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं घड्याळही त्यांनी भाषणं चालू असतानाच परत केलं होतं. ते दोन मिनिटं मागे होतं. आपल्या हातून नापास माल कधी बाहेर गेला नाही, एवढी एकच गोष्ट ते स्वतःविषयी सांगत, आणि ती खरी होती.

आज मात्र प्रश्न घड्याळाचा नव्हता, पोरीच्या लग्नाचा होता. मुलीने आपलं आपण ठरवलं होतं. मुलगा हसतमुख होता, नोकरीत स्थिर होता, त्याच्याबद्दल नापासरावांनासुद्धा काही शेरा मारता आला नव्हता. गोची होती ती त्याच्या वडिलांची. ते छापखाना चालवत. बायको लवकर गेली, तेव्हापासून वीस वर्षं दोन्ही वेळचं रांधून त्यांनी पोराला वाढवलं होतं. त्यांचं म्हणणं एकच होतं. ज्या घरात पुरुष इकडची काडी तिकडे करत नाही, त्या घराशी आपलं जमायचं नाही. थोरल्या पुतण्याच्या सोयरिकीच्या वेळी ते असेच भरल्या ताटावरून उठून आले होते म्हणे. आणि आज दुपारी ते मुलाला घेऊन इथे जेवायला येणार होते.

"बाबा, एक पदार्थ," मुलगी म्हणाली होती. "फक्त एक. पण तुमच्या हातचा." बोलता बोलता तिचे डोळे भरले. नापासरावांनी जन्मात चहा केला नव्हता, पण पोरीचे डोळे बघून त्यांनी कृती लिहायला कागद तिच्यापुढे सरकवला. "होईल," ते म्हणाले.

तिने विचारपूर्वक थाई पद्धतीचं सॅलड निवडलं. गॅस पेटवायचा नाही, काही करपायचं नाही. कोबी, गाजर, काकडी, ढोबळी मिरची, कच्ची पपई, वरून भाजलेले शेंगदाणे आणि लिंबू, साखर, मिरची, सोया सॉस. "यात चुकायला जागाच नाही," ती म्हणाली. मात्र कागदाच्या तळाशी तिने एक वाक्य लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. चावताना आवाज आलाच पाहिजे. हे वाक्य लिहायला नको होतं, असं तिला पुढे वाटलं.

अकरा वाजेपर्यंत फुलीच्या परातीत भाज्यांचा डोंगर झाला आणि पास झालेला माल एका मध्यम वाडग्यात मावला. नापासरावांच्या तीन बोटांना पट्ट्या लागल्या. एवढं सगळं टाकून देणं बायकोच्या जिवावर आलं. तिने ती परात उचलली, त्यात आलं घातलं आणि मोठ्या पातेल्यात सूप उकळायला ठेवलं. मग काहीबाही आणायला ती मुलीला घेऊन बाजारात गेली. "साडेबाराला येतील ते. आता तुम्ही फक्त कालवा आणि शांत बसा," ती दारातून म्हणाली.

नापासरावांनी कालवलं. पण शांत कसं बसणार? आवाजाची तपासणी राहिली होती. आणि ज्याने माल बनवला त्यानेच तो तपासायचा नाही, हा तर पहिला नियम. त्यांनी वरच्या मजल्यावरून तात्यांना बोलावून आणलं. तात्या निवृत्त पोस्टमन. वय बहात्तर, पण बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे.

"काय काम आहे?" तात्यांनी स्टुलावर बसत विचारलं.

"चावायचं. तोंड उघडं ठेवून. मी ऐकतो."

तात्यांनी एक घास घेतला. कर्रकन आवाज आला. नापासरावांनी वहीत लिहिलं, नमुना एक, पास. दुसरा पास. तिसऱ्या घासाला मात्र काकडीचा एक काप आवाज न करताच तात्यांच्या घशाखाली गेला.

नापासरावांचा चेहरा पडला. "काय झालं हो?" तात्यांनी विचारलं.

"एक नमुना नापास."

"पण चवीला तर छानच आहे की."

"चवीचा प्रश्नच नाही. एक नमुना नापास निघाला, की लॉट अडवायचा आणि शंभर टक्के तपासणी करायची. नियम आहे."

"म्हणजे काय करायचं?"

"सगळं तपासायचं."

तात्या नियम मोडणाऱ्यांतले नव्हते. शिवाय त्यांच्या सुनेने आठ दिवस त्यांना पथ्यावर ठेवलं होतं. ते मन लावून चावत राहिले, नापासराव कान लावून लिहीत राहिले. पुढचे एकेचाळीस घास सलग पास झाले. शेवटचा शेंगदाणा फुटला तेव्हा नापासरावांचं मन भरून आलं. "तात्या, लॉट पास!" ते म्हणाले आणि वहीवर सही करून वाडग्याकडे वळले.

वाडगं रिकामं होतं. तळाशी चमचाभर सोया सॉस होता.

तेवढ्यात दार उघडलं. बायको, मुलगी आणि जिन्यातच भेटलेले पाहुणे, सगळे एकदमच आत आले.

"बाबा, सॅलड?" मुलीने हळूच विचारलं.

"सगळं पास झालं," नापासराव म्हणाले. तात्यांनी ढेकर दिली आणि ते मागच्या मागे सटकले. मुलगी मटकन खुर्चीत बसली.

छापखानेवाले उंच, गंभीर गृहस्थ होते. घरात शिरल्यापासून ते ओठ मिटून होते. त्यांनी रिकामं वाडगं पाहिलं, बोटांच्या पट्ट्या पाहिल्या, मग वही उचलली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मुलगा छताकडे बघत होता.

"सगळं खाऊन तपासलंत?" त्यांनी विचारलं.

"दुसरा उपाय नव्हता," नापासराव म्हणाले. "पण काळजी करू नका. अजून एक कोबी आहे. वीस मिनिटांत नवीन लॉट काढतो. पहिल्यापेक्षा जास्त कुरकुरीत."

"नको!" पाहुणे एवढ्या जोरात म्हणाले, की सगळे दचकले. मग त्यांनी नापासरावांना खिडकीपाशी नेलं. "तुम्हाला म्हणून सांगतो. परवाच कवळी बसवलीय. कुरकुरीत सॅलड म्हटल्यापासून दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. तुमच्या लेकीने एवढ्या कौतुकाने सांगितलेलं, नाही कसं म्हणू?"

बायकोचे कान तिखट होते. ती आत गेली आणि सूप वाढून घेऊन आली. पाहुण्यांनी एक वाटी संपवली. दुसरी मागितली. तिसरीच्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "इतकं मऊसूत सूप मी वीस वर्षांत केलं नाही. कुणाच्या हातचं?"

"भाज्या यांनीच चिरल्यात," बायको म्हणाली. "सकाळपासून राबतायत."

"खरं म्हणजे तो माल..." नापासरावांनी तोंड उघडलं. फुलीची परात अजून ओट्यावर होती. बत्तीस वर्षांत असा माल त्यांनी दाराबाहेर जाऊ दिला नव्हता आणि इथे एक माणूस तो तिसऱ्यांदा मागून घेत होता. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती श्वास रोखून त्यांच्याकडेच बघत होती.

"चिरलं मी," नापासराव म्हणाले. "शिजवलं हिने."

"मग दोघांनी मिळून केलंत म्हणा की," छापखानेवाले म्हणाले. "मला तेवढंच बघायचं होतं. आता तारखेचं बोलू या?"

मुलीला हसू आणि रडू एकदमच आलं. या गडबडीत नापासराव वही घेऊन आत गेले. ओट्यापाशी उभं राहून त्यांनी परातीवरची लाल फुली ओल्या फडक्याने पुसली. वहीत "नापास माल, अंदाजे अडीच किलो" अशी ओळ होती. ती त्यांनी पट्टी लावून नीट खोडली, वर "पास" लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात मुलीचं नाव घातलं.