शेवाळाचं टपाल

छकुली लायब्ररीतून परतली तेव्हा तिच्या खोलीतली फरशी दिसत होती. हे भयंकर होतं. गेले तीन आठवडे त्या फरशीवर एकशे अठरा कार्डं पसरलेली होती आणि त्यांच्यामधून ती बगळ्यासारखी एकेक पाय टाकत फिरायची.

संगणक तेव्हा कॉलेजच्या एका कुलूपबंद खोलीत असायचा आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागायच्या. त्यामुळे वाचलेला प्रत्येक शोधलेख एका पुठ्ठ्याच्या कार्डावर उतरवायचा : लेखकाचं नाव, वर्ष, नमुना कुठून गोळा केला ते गाव, आणि निष्कर्ष. छकुली एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. भिंतीवरचं शेवाळ पार वाळून गेल्यावर किती काळाने पुन्हा जिवंत होऊ शकतं, या विषयावरच्या संशोधनाचा कथनात्मक आढावा तिला लिहायचा होता.

"कथनात्मक म्हणजे गोष्टच ना?" आई म्हणाली होती. "मग एका बैठकीत लिहून टाक की!"

गोष्टीचीच तर पंचाईत होती. तिच्या सरांनी दोन खर्डे परत केले होते. हे सर गळ्यात कायम भिंग अडकवून असत, म्हणून मुलं त्यांना भिंगवाले सर म्हणत. "अमका म्हणतो दोन आठवडे, तमका म्हणतो चार वर्षं," सर कडाडले होते. "ही काय पाहुण्यांची यादी आहे? ही माणसं एकमेकांशी का भांडतायत, ते सांग ना!" म्हणून छकुलीने कार्डांचे विषयवार गठ्ठे लावले होते आणि कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक घातले होते. तिसरा आणि शेवटचा खर्डा सोमवारी द्यायचा होता. आज गुरुवार.

"आई! माझी कार्डं?"

"मी बोट लावलेलं नाही हं," स्वयंपाकघरातून आवाज आला. "केर काढायचा होता म्हणून ह्यांना म्हटलं, जरा गोळा करा."

बाबा एकतीस वर्षं टपालखात्यात सॉर्टिंगला होते आणि निवृत्त होऊन त्यांना आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत त्यांच्या हातांना काम नव्हतं. एकदा त्यांनी स्वयंपाकघरातले डबे अक्षरांच्या क्रमाने लावून पाहिले होते. आईने ते एका तासात पूर्वपदावर आणले होते.

बाबा पहिला नंबर आलेल्या मुलासारखा चेहरा करून दारात उभे राहिले. "नुसती गोळा नाही केली, गावं बघून लाईनप्रमाणे लावलीत!" खाटेवर सुतळीने बांधलेले चार गठ्ठे होते. "ही डोंगर लाईन, ही किनारा, ही नदीकाठ आणि हा कोरडा मुलूख. परदेशातली गावंसुद्धा नकाशात शोधून काढली, म्हटलं तर खरं वाटेल तुला?"

"पण बाबा, मी ती विषयाप्रमाणे लावली होती!"

"विषय?" बाबांना हसू आलं. "पोरी, टपालात आत काय लिहिलंय ते बघायचं नसतं. पत्ता बघायचा."

छकुलीने वरचा गठ्ठा उचलला. "बरं. कोपऱ्यातल्या नंबरांवरून लावते परत."

बाबांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. "ते पेन्सिलीचे? ते... मी खोडले. म्हटलं, कुणीतरी गिचमिड करून ठेवलीय." त्या जागी आता लाल शाईत बाबांचे टपोरे नंबर होते.

छकुली खाटेवर बसली आणि रडायला लागली. आई हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आली. "एकतीस वर्षं जगाची पत्रं पोचवलीत आणि पोटच्या पोरीची कागदं तेवढी हरवलीत!"

बाबा चपला घालून बाहेर गेले आणि अर्ध्या तासाने दोन्ही बाजूंनी टोक काढलेली नवी पेन्सिल घेऊन आले. "तू सांगत जा, मी लावत जातो," ते खालमानेने म्हणाले.

पण सवय कुठे जाणार? "हे पानं मिटण्याच्या गठ्ठ्यात," छकुली म्हणायची, आणि बाबा कार्डाकडे बघून चुळबुळायचे : "अगं, पण हे तर डोंगरातलं!" संध्याकाळपर्यंत अकरा कार्डं लागली. त्यातली तीन बाबांनी हळूच परत डोंगरात नेऊन ठेवली होती.

शुक्रवारी सकाळी छकुली एकटीच बसली. कोरड्या मुलखाचा गठ्ठा हातात घेतला. टपालखात्यातली गाठ ती, सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. पहिल्या कार्डावर होतं : चार वर्षं वाळवलं, तरी जगलं. दुसरं : तीन वर्षं, जगलं. तिसरं : सहा! तिने घाईघाईने नदीकाठचा गठ्ठा ओढला. दहा दिवस, मेलं. दोन आठवडे, मेलं.

ती थबकली. ही माणसं भांडत नव्हतीच मुळी! ज्या शेवाळाला रोज पाणी मिळत होतं, त्याला तहानेची सवयच नव्हती. प्रत्येकाने आपापल्या भिंतीपुरतं खरं सांगितलं होतं.

"बाबा!" ती किंचाळली.

अर्ध्या गालावर साबण असलेले बाबा धावत आले. "आता काय खोडलं मी?"

सोमवारी खर्डा सरांच्या टेबलावर गेला. एक पान त्यांनी दोनदा वाचलं. "ही आता गोष्ट झाली," ते म्हणाले. छकुलीला त्या क्षणी पंख फुटले. मग सरांचं बोट संदर्भांच्या यादीवरून खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. "एकशे सतरा? माझा लेख कुठाय?"

पंख गळून पडले. घरी येऊन तिने बाबांना गाठलं, तेव्हा त्यांनी शांतपणे आपल्या पत्र्याच्या पेटीतून एक कार्ड काढलं. "पत्ता अपूर्ण. अशी टपालं बाजूला ठेवायची असतात." कार्डावर गावाच्या जागी लिहिलं होतं : 'एक जुनी भिंत'. बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिने ते कार्ड सरांपुढे ठेवलं. "सर, भिंत कुठली ते लेखात नाहीये. म्हणून... कुठल्या गटात टाकू?"

सरांनी भिंग डोळ्याला लावलं, मग काढलं. त्यांचे कान लाल झाल्यासारखे वाटले.

"नदीकाठात टाक," ते पुटपुटले. "मुलींच्या वसतिगृहाची मागची, नदीकडची भिंत होती ती. वर्षभर आठवड्यातून तीनदा नमुना घ्यायला जायचो. एकदा गेलो असतो तरी चाललं असतं."

छकुलीने ओठ घट्ट मिटले. "मग... लेखात तसं लिहू का, सर?"

"लिही, लिही. तिसऱ्या खिडकीखालची, असं स्पष्ट लिही." सरांनी भिंग रुमालाने पुसायला घेतलं. "आणि छापून आलं की एक प्रत मला घरी न्यायला दे. आमच्या हिला अजून वाटतं, मी तिथे खरंच शेवाळ बघायला यायचो."